कुत्र्याला घेऊन पुरातन जंगलात: ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी

इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये सन १६०० पासून आणि स्कॉटलंडमध्ये १७५० पासून जिथे झाडोरा सलग टिकून आहे, त्या जागेची नोंद ‘एन्शंट वुडलंड’ म्हणून होते. ब्रिटनच्या एकूण जमिनीपैकी असं जंगल उरलंय जेमतेम अडीच टक्के. हॅरो, पिनर, वेम्ब्ली भागातल्या मराठी घरांना जवळचं म्हणजे रायस्लिप वुड्स. पूर्व लंडनकरांना एपिंग फॉरेस्ट, तर स्लाऊकडच्यांना बर्नम बीचेस. तिन्ही ठिकाणी कुत्र्याला नेता येतं आणि न्यावंही, फक्त बागेतल्यासारखं मोकाट सोडून चालत नाही.

याचं कारण मातीत आहे. इथली झाडं अनेकदा तोडली गेलीत, काही तर आपल्या आजोबांच्या वयाचीही नसतील, पण खालची माती शेकडो वर्षं नांगरलेली नाही. तिच्यातली बुरशीची जाळी, कंद, बिया, किडे हेच खरं जुनं जंगल. वुड ॲनेमनी नावाचं पांढरं रानफूल शंभर वर्षांत साधारण सहा फूट पसरतं. ब्लूबेलच्या बीपासून फूल यायला किमान पाच वर्षं लागतात. आपल्याकडे देवराईत पडलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. इथेही जमिनीशी तसंच वागायचं. कुत्र्याचं सगळं जग नेमकं जमिनीवरच असतं, म्हणून खालच्या जवळजवळ प्रत्येक सूचनेचा मुद्दा एकच आहे: कुत्रा वाटेवर ठेवायचा आणि वाटेवरच त्याला भरपूर करमणूक द्यायची.

निघण्यापूर्वी

गळपट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असलेला बिल्ला हवा. सार्वजनिक जागी तो १९९२ पासून कायद्याने बंधनकारक आहे. मायक्रोचिप असली तरी बिल्ला लागतोच. इंग्लंडमध्ये चिप २०१६ पासून सक्तीची आहे आणि घर बदललं की तिच्या नोंदीतला पत्ता आणि फोन आपणच बदलून घ्यायचा असतो. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात जाणाऱ्यांच्या हातून हे हमखास राहतं. मग कुत्रा हरवला की चिप वाचली जाते आणि फोन लागतो जुन्या नंबरवर.

सामान फार नाही. साधी १.८ ते २ मीटरची दोरी आणि छातीचा हार्नेस. आत-बाहेर होणारी, बटणाची दोरी जंगलात नको: बारीक दोर झुडपांत गुंततो, पायाला गुंडाळला की कातडी कापतो, आणि कुत्रा पाच मीटरवर गेल्यावर ‘ताबा’ नावालाच उरतो. शीच्या पिशव्या लागतील असं वाटतं त्याच्या दुप्पट. वीस किलोच्या कुत्र्याला दीड-दोन तासांसाठी अर्धा लिटर पाणी आणि वाटी पुरते. उन्हाळ्यात लिटरभर घ्या. गोचीड काढायचा हूक, जाळीची पट्टी, जुना टॉवेल. आपल्या पायात गमबूट. गमबुटांचं कारण पुढे येईल, पण तेवढी एक गोष्ट विसरू नका.

डबा सोबत असेल तर चिवड्यातले बेदाणे आणि कांदाभजी कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. बेदाण्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

गाडीतून उतरलात की आधी पाटी वाचा. प्रत्येक जंगलाचे नियम वेगळे असतात आणि बदलतातही. बर्नम बीचेसमध्ये एका भागात दोरी सक्तीची आहे, उरलेल्या भागात कुत्रा ताब्यात असला की पुरतं. सार्वजनिक पायवाटेवर साधारण नियम ‘कुत्रा पूर्ण ताब्यात’ असा आहे. पण ‘ओपन ॲक्सेस’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै या काळात दोन मीटरपेक्षा लांब दोरी चालत नाही, आणि गुरं-मेंढ्या जवळ असतील तर वर्षभर चालत नाही. आमचं मत विचाराल तर पुरातन जंगलात पाटी काहीही म्हणो, मार्च ते जुलै दोरी सोडूच नये. वुडकॉक, वुड वॉर्बलर, चिफचॅफ हे पक्षी जमिनीवर किंवा वीतभर उंचीवर घरटी करतात. कुत्र्याने अंड्याला तोंड लावायची गरजही नसते. पक्षीण उठली आणि बराच वेळ परतली नाही, की अंडी गार पडतात किंवा कावळ्यांचं फावतं. सिडनीजवळच्या जंगलात झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोरीला बांधलेला कुत्रा नुसता वाटेवरून नेल्यावरसुद्धा दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. दोरीला असताना ही गत, तर मोकळ्या कुत्र्याचं काय सांगावं.

वाटेवर चालायला शिकवणं

हे शिकवता येतं आणि बहुतेक कुत्री दोन-तीन आठवड्यांत शिकतात. शिकवणीचं पहिलं ठिकाण जंगल नको. कडा स्पष्ट दिसणारी रुंद वाट निवडा, उद्यानातली खडीची वाट उत्तम. दोरी दोन मीटरची, सैल. कुत्र्याचा पुढचा पाय कडेबाहेर पडला की तुम्ही जागच्या जागी थांबायचं. ओढायचं नाही, रागवायचं नाही. दोरी ताणली गेल्यावर तो दोन-चार सेकंदांत मागे वळून बघतो. वळला की “वाटेवर” असं एकदाच म्हणा आणि खाऊचा तुकडा वाटेच्या मधोमध जमिनीवर ठेवा. हातातून देऊ नका. हातातून दिला तर कुत्रा तुमच्या हाताकडे यायला शिकतो. जमिनीवर ठेवला तर खाऊ वाटेच्या मध्यावर सापडतो, हे त्याच्या डोक्यात बसतं.

एका वेळी तीन मिनिटं पुरेत, मग पाच मिनिटं नुसतं चालणं. तुकडे अर्ध्या सेंटीमीटरचे, एका फेरीला साठ-सत्तर लागतात आणि तेवढं खाणं त्या दिवसाच्या जेवणातून कमी करायचं. उकडलेलं चिकन विकतच्या बिस्किटांपेक्षा केव्हाही सरस. चुकतं ते बहुधा इथे: आपण चालता चालता “वाटेवर, वाटेवर” म्हणत राहतो, कुत्रा कडेबाहेरच असतो, आणि चार दिवसांत त्या शब्दाची किंमत शून्य होते. शब्द एकदा. नंतर थांबणं.

जंगलात आल्यावर त्याला हुंगू द्या, मनसोक्त. वीस मिनिटं एकेक ओंडका आणि दगड नीट हुंगणारा कुत्रा तासभर ओढत नेलेल्या कुत्र्यापेक्षा शांत होऊन घरी येतो. आपण तासाला पाच किलोमीटर चाललो नाही म्हणून व्यायाम बुडाला असं समजू नका. खाऊ विखरून शोधायला लावायचा खेळ खेळायचा असेल तर तोही वाटेवर. पाचोळ्यात खाऊ फेकलात तर कुत्रा पंजांनी माती उकरणार.

बोलावल्यावर परत येणं ही वेगळी शिकवण. पाच मीटरच्या दोरापासून सुरुवात करा, मग दहा. लांब दोर नेहमी हार्नेसला लावायचा, गळपट्ट्याला कधीच नाही, कारण पळता पळता दोर संपला की सगळा झटका मानेला बसतो. शिट्टी वापरा. आपला आवाज घाबरला की बदलतो, शिट्टीचा बदलत नाही. मोकळ्या मैदानात दहापैकी नऊ वेळा परत येणारा कुत्रासुद्धा जंगलात हरणामागे गेला तर दहापैकी एकदाही वळेल याची खात्री नसते. इथे मंटजॅक फार आहेत. हा आपल्या भेकराचा चिनी भाऊबंद, तसाच भुंकतो, आणि ते भुंकणं ऐकून कुत्र्याचे कान टवकारले की पुढचे दोन सेकंद तुमच्या हातात असतात. मे-जूनमध्ये रो हरिणांची पाडसं गवतात निपचित पडून राहतात. आई जवळपासच असते. कुत्र्याला पाडस सापडलं तर त्याला शांतपणे दूर न्या, पाडसाला हात लावू नका.

चिखल

गमबूट यासाठी. रायस्लिपसारख्या ठिकाणी खाली लंडनची चिकणमाती आहे. ऑक्टोबर ते मार्च वाटेवर घोटाभर चिखल असतो. बूट खराब होऊ नयेत म्हणून आपण कडेने जातो, कुत्राही कडेने. कडेची झाडोऱ्याची रोपं तुडवली जाऊन मरतात, ती जागाही चिखल होते, आणि पुढचा माणूस आणखी बाहेरून जातो. दोन-तीन हिवाळ्यांत मीटरभराची वाट पाच मीटरची होते. दबलेल्या मातीत हवा-पाणी शिरत नाही, झाडांची मुळं आणि त्यांच्या भोवतीची बुरशी गुदमरते. मातीचं बरंचसं दबणं पहिल्या काही पावलांतच होतं, त्यामुळे ‘आम्ही एकदाच तर गेलो’ हा हिशेब बरोबर नाही. चिखलातून सरळ मधून चाला. कुत्रा तसाही धुवायचाच आहे.

ब्लूबेलच्या दिवसांत, म्हणजे दक्षिण इंग्लंडात साधारण एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत, हे सगळ्यात जपायचं. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही, आणि ते रोप पुढची काही वर्षं फुलत नाही. कुत्र्याला निळ्या फुलांत बसवून फोटो काढण्याची हौस आवरा. फोटो हवाच असेल तर कुत्रा वाटेवर बसवा, कॅमेरा जमिनीलगत खाली धरा आणि फुलं मागे येऊ द्या. फुलांतच बसल्यासारखा दिसतो.

शी, काठ्या आणि तळी

“जंगलात तर कोल्हेही शी करतात, खतच होईल” हे नेहमी ऐकू येतं. अडचण खतच होतं ही आहे. ही माती गरीब असते आणि इथली रानफुलं त्या गरिबीवरच जगतात. खत वाढलं की खाजकुयलीसारखं नेटल आणि काटेरी ब्रॅम्बल माजतं आणि बाकीचं झाकून टाकतं. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव रानांत मोजणी झाली, २०२२ साली ती प्रसिद्ध झाली: कुत्र्यांमुळे दर वर्षी हेक्टरी ११ किलो नायट्रोजन आणि ५ किलो स्फुरद पडत होता. कोल्हा जंगलात खातो आणि जंगलातच टाकतो. आपला कुत्रा घरी डब्यातलं खातो आणि जंगलात आणून टाकतो, म्हणजे सगळी भर बाहेरून. स्फुरद जवळपास सगळा शीतून येतो, त्यामुळे पिशवीत भरून नेलं की तो प्रश्न सुटतो. पिशवी फांदीला लटकवून ‘परतताना नेऊ’ म्हणू नका. बहुतेक कुत्री पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच मोकळी होतात, म्हणून आधी गाडीजवळ पाच मिनिटं रेंगाळा, मग आत शिरा. साधी कचरापेटीही चालते. वेगळी लाल पेटी शोधायची गरज नाही.

काठी फेकू नका. उड्या मारून झेलताना काठीचं टोक टाळूत किंवा घशात घुसतं, आणि आत राहिलेली कुसळं आठवड्यांनी पू धरतात. शिवाय पडलेलं, कुजणारं लाकूड हे या जंगलाचं मोठं धन आहे. स्टॅग बीटल या शिंगाड्या भुंग्याच्या अळ्या अशा लाकडावर जमिनीखाली काही वर्षं काढतात. खेळायला घरून रबराचं खेळणं आणा.

तळ्यात पोहू द्यावं का? मानेवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध लावलेलं असेल तर नाही. त्यातली फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं पाण्यात उतरतात आणि पाण्यातले किडे मारतात. लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवरच्या तळ्यांत ती सापडलेली आहेत. औषधाच्या खोक्यावर किती दिवस पाण्यापासून दूर ठेवायचं ते लिहिलेलं असतं, पण औषध त्यानंतरही धुपत राहतं. कुत्र्याला पोहायची आवड असेल तर पशुवैद्याला विचारून गोळी सुरू करा.

बॅजरच्या बिळात कुत्रा अडकला तर स्वतः खणायला घेऊ नका. ती बिळं १९९२ च्या कायद्याने संरक्षित आहेत. शांत राहा, आवाज देत बसून राहा. बहुतेक कुत्री दमल्यावर स्वतःच मागे सरकून बाहेर येतात. नाहीच आला तर आरएसपीसीए या प्राणीरक्षण संस्थेला फोन.

गुरं दिसली तर

एपिंगमध्ये लांब शिंगांच्या इंग्लिश गाई चरतात. त्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात आणि कुंपण दिसत नाही, त्यामुळे वळणावर अचानक समोर येतात. कुत्रा जवळ घ्या, मोठा फेरा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. वाट सोडायची परवानगी आम्ही फक्त इथेच देऊ. गुरं अंगावर आलीच तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, आणि तो पळून सुटतो. त्याला उचलून घेणारा माणूस मात्र तुडवला जातो.

तोंडात काय गेलं

वसंतात ब्लूबेलचे कंद, लॉर्ड्‌स-अँड-लेडीज आणि रानलसूण. रानलसणाचा वास सुटलेला असतो आणि कांद्यासारखाच तो कुत्र्याला बाधतो. शरदात ओकची फळं आणि कॉंकर, म्हणजे हॉर्स चेस्टनटच्या बिया. दोन्हींनी उलट्या-जुलाब, आणि गिळलेलं कॉंकर आतड्यात अडकू शकतं. यू झाडाची पानं सर्वांत घातक. अळंब्यांपैकी डेथ कॅप जीवघेणी आहे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडात मे ते जुलै ओकवर प्रोसेशनरी मॉथच्या सुरवंटांच्या रांगा दिसतात. त्यांच्या केसांनी जीभ सुजते, म्हणून तिथे कुत्र्याला हुंगू देऊ नका.

काही गिळलं अशी शंका आली तर उरलेला तुकडा पिशवीत घ्या, फोटो काढा आणि लगेच पशुवैद्याला फोन करा. उलटी काढायची असेल तर ती पहिल्या दोनेक तासांत आणि त्यांच्याच हातून. घरी मिठाचं पाणी पाजू नका. त्याने रक्तातलं सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो.

ॲडर हा इथला एकमेव विषारी साप. मार्चपासून उन्हात पडलेला असतो. चावा बहुधा नाकाला किंवा पुढच्या पायाला, आणि तिथे झपाट्याने सूज येते. चिरा देणं, आवळून बांधणं, बर्फ लावणं, काही करू नका. कुत्र्याला उचलून गाडीपर्यंत न्या, चालवू नका, आणि निघताना दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का ते विचारा.

घरी आल्यावर

कोमट पाण्याने पाय आणि पोट धुवा, बोटांच्या मधे टॉवेलने कोरडं करा. मग गोचीड. सात-आठ अंश तापमानाला ते हलू लागतात, म्हणजे सौम्य हिवाळ्यातही. पिल्लावस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, ती डोळ्यांपेक्षा बोटांना आधी लागते. क्रम ठरवून घ्या: कानांच्या आत-बाहेर, पापण्यांची कड, गळपट्ट्याखाली, काखा, बोटांच्या बेचक्या, जांघा, शेपटीखाली. स्वतःचेही पाय आणि कंबर तपासा.

सापडली तर हूक कातडीलगत सरकवा, वर न ओढता एकाच दिशेने फिरवत राहा. दोन-तीन वेढ्यांत ती सुटते. तेल, रॉकेल, व्हॅसलीन, पेटती काडी हे उपाय करू नका. चिडलेली गोचीड पोटातलं द्रव जखमेत ओकते आणि नेमका त्यातून संसर्ग जातो. लाइम आजाराचे जंतू आत जायला बहुधा चोवीस तासांच्या वर लागतात, म्हणून त्याच संध्याकाळी तपासणं फार मोलाचं. कुत्र्यात लंगडणं, ताप, मरगळ ही लक्षणं काही आठवड्यांनी दिसतात. माणसाच्या अंगावर पसरत जाणारं लाल वर्तुळ उठलं तर जीपीकडे जा.

नोव्हेंबर ते मे या काळात एक तपासणी जास्तीची. अलाबामा रॉट हा ब्रिटनमध्ये २०१२ पासून दिसणारा दुर्मीळ आजार. कारण अजून नक्की नाही, पण चिखलाच्या रानांशी त्याचा संबंध दिसतो. धुण्याने तो टळतो असं सिद्ध झालेलं नाही, पण धुताना जखमा दिसतात. कोपर-गुडघ्याखाली, पोटावर किंवा तोंडाशी, काही लागल्याशिवाय उठलेला लाल चट्टा किंवा उघडी जखम दिसली तर वाट पाहू नका, कारण थोड्याच दिवसांत मूत्रपिंडं बंद पडू शकतात. सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये फेरीनंतर तीन दिवसांच्या आत अचानक उलट्या, जुलाब, थरथर सुरू झाली तरी तोच नियम; हा वेगळा आजार, ‘सीझनल कनाइन इलनेस’. फोनवर डॉक्टरांना कोणत्या जंगलात, कोणत्या दिवशी गेला होतात ते सांगा. सलाइन वेळेत लागलं तर बहुतेक कुत्री या दुसऱ्या आजारातून आठवड्याभरात बरी होतात.